कळंबोलीची चिकटवही

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमालयाचीं शिखरें, काशीचे घाट किंवा निदान महाबळेश्वरची थंड हवा तरी उभी राहाते. आम्ही ज्या गांवाविषयीं लिहिणार आहों, त्याच्यापाशीं यांतलें कांहींच नाहीं. पनवेलजवळच्या कळंबोलीचें नांव पुण्या-मुंबईच्या रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकानें ऐकलेलें असतें; पण तेथें उतरून गांव पाहावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ‘कळंबोली आली’ असें कंडक्टरनें पुकारलें, कीं मुंबईकर उतारू आपलें सामान आवरूं लागतात, इतकाच तिचा उपयोग. गेल्या माघांत आम्हांस मात्र तेथें चांगले नऊ दिवस राहण्याचा योग आला, आणि तोहि एका वहीच्या निमित्तानें.

कळंबोलीचें स्थान मोठें चमत्कारिक आहे. शीवहून येणारा रस्ता, पुण्याहून येणारा द्रुतगतीमार्ग, मुंब्र्याकडून येणारा रस्ता आणि न्हावाशेवा बंदराकडे जाणारा रस्ता असे सगळे येथें एकमेकांस भेटतात. द्रुतगतीमार्ग २००२ सालीं पुरा झाला. किवळ्यापासून निघून सुमारें ९४ किलोमीटरांची वाट तो येथें आणून सोडतो. मुंबईंतील कर्नाक बंदराकडचा लोखंडाचा व्यापार शहराबाहेर न्यावा, या हेतूनें सिडकोनें येथें लोखंडबाजार वसविला. त्या बाजारांतून चालूं लागलें, कीं दोहों बाजूंस सळया, पत्रे, नळ आणि तुळया यांच्या राशी दिसतात. मालमोटारींचा ओघ दिवसरात्र चालू असतो. इंग्रजींत ज्या शब्दानें भंगार ओळखलें जातें, त्याच शब्दानें चिकटवहीचेंहि नांव सुरू होतें, याची आठवण आम्हांस या बाजारांत वारंवार होत असे. लोखंडाचा तुकडा असो कीं कागदाचा, एकाला जो टाकाऊ वाटतो तो दुसऱ्याला मोलाचा वाटतो.

याच भूमीवर पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीं भातशेती आणि खाजणें होतीं. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन नव्या मुंबईसाठीं घेण्याचें ठरलें; त्यांत कळंबोलीहि आली. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठीं या भागांतील शेतकऱ्यांना पुढें मोठा लढा द्यावा लागला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत जें आंदोलन झालें, त्यांत पांच जणांनीं गोळीबारांत प्राण गमावले. कळंबोलीचें मूळ गांवठाण अजून आहे. चोहोंकडून इमारतींनीं वेढलेलें असलें तरी तेथील आगरी मंडळींच्या घरांपुढें सुकत घातलेली मासळी आणि दारांतली तुळस पाहिली, कीं जुनें गांव ओळखूं येतें. २०१६ च्या १ ऑक्टोबरपासून कळंबोली पनवेल महानगरपालिकेंत मोडते. त्या पनवेलची जुनी नगरपालिका थेट १८५२ सालची होती.

गांव सखल आहे. खाडीच्या भरतीची पातळी या जमिनीहून उंच जाते. म्हणून पावसाचें पाणी भरतीच्या वेळीं सांठवून ओहोटीस सोडून देण्याकरितां येथें धारणतलाव राखलेले आहेत. एरवीं ही व्यवस्था पुरते. परंतु २६ जुलै २००५ च्या मंगळवारीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्या दिवशीं कोणतीच व्यवस्था पुरी पडली नाहीं. कळंबोलींत घरोघर पाणी शिरलें. आमच्या वडील भगिनी, म्हणजे अक्का, यांचें घर तळमजल्यावर. माणसें शेजारच्या माडीवर गेलीं. पलंगाखालची लोखंडी ट्रंक मात्र खालींच राहिली. त्या ट्रंकेंत अक्कांच्या सासूबाईंची चिकटवही होती.

ही वही म्हणजे वस्तुतः हिशेबाचें एक जाड बाड. सासूबाई १९३० सालीं पनवेलास सासरीं आल्या, तेव्हां दुकानांतून निरुपयोगी म्हणून टाकलेलें हें बाड त्यांनीं मागून घेतलें, आणि पुढें पन्नास वर्षें त्यांत त्या कांहींना कांहीं चिकटवीत राहिल्या. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाचें कात्रण, ‘स्त्री’ मासिकांतलीं चित्रें, मुंबईच्या गिरण्यांच्या तागांवरील रंगीत छापे, काडेपेट्यांचीं चित्रें, लग्नाच्या कुंकुमपत्रिका, आगगाडीचीं तिकिटें, रेशनचें कार्ड, मुलांच्या परीक्षांचे गुणपत्रक, मोडींत लिहिलेलीं माहेरचीं दोन पत्रें, पानांच्या घडींत दाबून ठेवलेलें सुरंगीचें फूल, आणि शेवटीं शेवटीं ‘कालनिर्णया’च्या पाठीवरील पाककृती. शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झालेल्या एका गृहिणीनें आपल्या घराचा हा इतिहास रचला होता. त्यांत तिनें स्वतःविषयीं एक ओळहि लिहिली नव्हती.

पाणी ओसरल्यावर अक्कांनीं ट्रंक उघडली, तेव्हां वहीचा लगदा होण्याचाच अवकाश होता. ओला कागद दोन दिवसांत बुरसूं लागतो. अक्कांनीं त्या रात्रींच पानें एकेक करून सुटीं केलीं, कोऱ्या कागदांच्या घड्यांत ठेविलीं, आणि वीज आल्यावर पंख्याच्या वाऱ्यावर सुकविलीं. उन्हांत घातलीं नाहींत. छायाचित्रें एकमेकांस चिकटण्यापूर्वीं, ओलीं असतांनाच, तीं अलग केलीं आणि स्वच्छ पाण्यांतून काढून उताणीं सुकत ठेविलीं. वरचा भाग बोटानेंहि पुसला नाहीं. हें सर्व त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें. पापड-कुरडया वाळविणाऱ्या बाईला ओलें आणि सुकें यांतला काळ ओळखतां येतो, एवढेंच त्याचें उत्तर त्यांनीं आम्हांस दिलें.

त्या संकटानें एक गोष्ट आपोआप सिद्ध केली. गव्हाच्या खळीनें चिकटविलेलीं जुनीं चित्रें पाण्यांत अलगद सुटून आलीं व सुकल्यावर पूर्ववत् झालीं. १९७० नंतरच्या पानांवर मात्र पारदर्शक चिकटपट्टी वापरली होती. ती सुटली, पण तिचा तपकिरी डाग कागदांत कायमचा मुरला होता. मोडी पत्रें काजळाच्या शाईचीं, तीं वाचण्याजोगीं राहिलीं. फाउंटनपेनच्या निळ्या शाईनें लिहिलेल्या पाककृती वाहून गेल्या. जेथें टांचणी लाविली होती तेथें गंजानें कागदास भोंक पडलें होतें. लोखंडाच्या गांवीं लोखंडानेंच कागद खाल्ला!

आतां आमचें तेथें जाण्याचें कारण सांगतों. अक्कांस तीन पुत्र. थोरला कळंबोलींतच मालवाहतुकीच्या धंद्यांत, मधला पुण्यास, धाकटा कॅनडांत. कळंबोलीचें घर पुन्हा बांधण्यास जाणार, म्हणून सामानाची वांटणी निघाली. भांडीं, पितळी समया, देव यांविषयीं कोणाचाच तंटा नव्हता. तंटा निघाला तो वहीवरून. तिघांसहि ती हवी होती. मधल्यानें तोड सुचविली, कीं पानें सुटीं आहेतच, तीं तिघांनीं सारखीं वांटून घ्यावीं. थोरला म्हणाला, "पुरांतून वही आईनें वांचविली ती या घरांत, ती येथेंच राहील." धाकट्यानें दूरध्वनीच्या पडद्यावरून सांगितलें, कीं सर्व पानांचीं चित्रें काढून संगणकांत ठेवा म्हणजे मूळ वही कोणाकडे राहिली तरी बिघडत नाहीं, आणि त्यावर थोरल्यानें विचारलें, "बिघडत नाहीं तर मूळ वही तुला कशाला हवी?" अक्का एवढेंच बोलल्या, "अरे, देवघराचे कोनाडे कोणी फोडून वांटून घेतो का?" नंतर तिघांनींहि आमच्याकडे बोट दाखविलें. "मामा, तुम्ही मास्तर, तुम्हीच निवाडा करा," असें थोरला भाचा म्हणाला.

निवाडा करण्यापूर्वीं जगांत अशा वह्यांचें काय झालें हें पाहणें बरें. मोंगल बादशहांच्या पदरीं ‘मुरक्का’ नांवाचे संग्रह सिद्ध होत. निरनिराळ्या काळचीं चित्रें व सुलेखनाचे नमुने एका आकाराच्या पानांवर डकवून त्यांभोंवतीं फुलापानांची वेलबुट्टी काढीत. जहांगीर व शहाजहान यांच्या काळचे हे संग्रह पुढें फुटले. त्यांचीं पानें आज निरनिराळ्या देशांच्या संग्रहालयांत विखुरलेलीं आहेत. प्रत्येक पान सुंदर आहे, पण कोणत्या पानासमोर कोणतें पान होतें, आणि तें तसें कां ठेविलें होतें, हें जुळवितां जुळवितां विद्वानांस पुरेवाट होते. इंग्लंडांत जेम्स ग्रेंजर यानें १७६९ सालीं चरित्रांचा एक ग्रंथ छापला. त्यांत चित्रें चिकटविण्याची अशी चढाओढ लागली, कीं लोक त्यासाठीं दुसरीं चांगलीं पुस्तकें कापूं लागले. एक वही भरावी म्हणून दुसरी फाडणें हा तेव्हांपासूनचा दोष आहे. उलट जॉन लॉक या तत्त्वज्ञानें टिपणवहीस अनुक्रमणिका कशी करावी याची पद्धत १६८६ सालीं प्रसिद्ध केली. अमेरिकेंत मार्क ट्वेन या विनोदी लेखकानें १८७३ सालीं अगोदरच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचें पेटंट घेतलें. तिला नुसतें पाणी लावलें कीं झालें. १९८० सालीं सॉल्ट लेक सिटी येथील वंशेतिहासाच्या परिषदेंत एका गृहिणीनें आपल्या कुटुंबाच्या पन्नासांहून अधिक वह्या मांडल्या, आणि तेव्हांपासून तिकडे या छंदाची मोठी बाजारपेठ झाली. पण आमच्या मतें पनवेलच्या त्या बाईंनीं खळीच्या वाटीवर जें केलें, तें या कोणाहून उणें नव्हतें.

मुरक्क्याच्या त्या कथेनें मधल्या भाच्याची सूचना आपोआप पडली. पान सुटें असलें तरी अर्थ सुटा नसतो. सासूबाईंनीं चिरनेरच्या कात्रणासमोर काडेपेटीवरील भारतमातेचें चित्र लावलें होतें. तीं दोन वेगळ्या घरीं गेलीं असतीं, तर एक केवळ जुनें कात्रण आणि दुसरें केवळ काडेपेटी झालें असतें. वही अखंड राहावी हें तिघांसहि पटलें. राहिला प्रश्न तिघांच्या हक्काचा. आणि तेथें धाकट्याचें म्हणणें उपयोगीं पडलें.

जुन्या हस्तलिखितांच्या शेवटीं लेखक पोथीच्याच तोंडीं एक विनवणी घालीत असत: तेलापासून मला जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल होऊं देऊं नका, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. आम्हीं शाळेंत संस्कृत शिकवितांना ही विनवणी मुलांस हंसत हंसत सांगत असूं. कळंबोलीच्या त्या घरीं तिच्याच चार भागांवर आमचें नऊ दिवसांचें काम उभें राहिलें.

पहिलें भय तेलाचें, म्हणजे हाताचें. पान उचलण्यापूर्वीं हात साबणानें धुऊन कोरडे करावे. छायाचित्र कडेनें धरावें. दुसरें भय पाण्याचें. कोंकणांत तें चार महिने हवेंतच असतें. वही जमिनीजवळ ठेवूं नये, बाहेरच्या भिंतीस टेंकवूं नये, आणि प्लास्टिकच्या पिशवींत आवळून तर मुळींच ठेवूं नये. आंत अडकलेल्या दमटपणानें बुरशी येते. पूर्वीं पोथ्या सुती लाल फडक्यांत बांधीत व त्यांत वेखंडाचे तुकडे किंवा सुका कडुलिंब ठेवीत. कसर व वाळवी यांस वेखंडाचा वास सोसत नाहीं, असा जुना अनुभव आहे. तिसरें बांधणीचें. बाडाच्या शिवणी पुन्हा घातल्या, पण चिकटवलेल्या वस्तूंनीं मध्यभाग फुगतो म्हणून पाठीशीं दर दोन पानांमागें कागदाची एक अरुंद पट्टी बसविली. वही तेव्हां सपाट मिटूं लागली.

चिकटविण्यासाठीं आम्हीं सासूबाईंचीच पद्धत ठेविली. एक भाग मैदा आणि पांच-सहा भाग पाणी मंद विस्तवावर ढवळीत शिजवावें. चकाकी आली कीं उतरून गाळून घ्यावें. ही खळ लागेल तेवढीच ताजी करावी. जुने पुस्तकबांधणीवाले किडीसाठीं तींत मोरचूद घालीत. तें विष आहे, मुलांच्या घरांत नको. खळ सबंध पाठीस न फांसतां वरच्या कडेसच लावावी, म्हणजे वस्तु उचलून मागचें वाचतां येतें. छायाचित्रांस तीहि लावूं नये. कागदाचे चार कोपरे दुमडून त्यांत तीं अडकवावीं. तिकिटांसाठीं पानास बारीक चिरा पाडाव्या. पत्रांसाठीं घडीचा खिसा करावा. वर्तमानपत्राचा कागद लांकडाच्या लगद्याचा असल्यानें तो आंतल्या आम्लानें स्वतःच पिवळा पडतो आणि शेजारच्या पानासहि डागतो. म्हणून कात्रणाची छायाप्रत चांगल्या कागदावर काढून ती चिकटवावी आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटांत ठेवावें. कागद कापसाच्या चिंध्यांचा असेल तर उत्तम. तो पुण्याच्या हातकागद संस्थेंत मिळतो. आपल्या प्रांतांत हा धंदा जुना आहे. वेरूळच्या वाटेवर खुलताबादेजवळच्या कागदीपुऱ्याचें नांवच त्यावरून पडलेलें आहे.

चौथें भय मूर्खाच्या हाताचें. आमच्या मतें आजच्या काळीं हें भय संगणकाच्या बाबतींत अधिक. चित्र काढून ठेविलें म्हणजे तें टिकलें, असें मानणारा माणूस फार. एके दिवशीं भ्रमणध्वनि पाण्यांत पडतो आणि पांच वर्षांचें घर त्याबरोबर बुडतें. म्हणून थोरल्या भाच्याच्या कन्येनें, जी संगणकाचें शिक्षण घेते, पद्धतशीर काम मांडलें. सपाट कांचेवर पान ठेवून प्रत्येक इंचास ६०० ठिपके या प्रमाणानें प्रतिमा घेतली. लहान छायाचित्र पुढें मोठें करावयाचें असल्यास एवढे लागतात. नवीन पान रचावयास मात्र इंचास ३०० पुरतात. १२ इंच चौरस पानास ३६०० ठिपके रुंदी व तितकीच उंची. पहिली प्रतिमा जशीच्या तशी बाजूस ठेवावी. रंग सुधारणें, डाग पुसणें, हें सर्व तिच्या नकलेवर करावें. फाइलीचें नांव ‘फोटो १’ असें न ठेवतां साल, महिना, ठिकाण या क्रमानें ठेवावें, म्हणजे संगणक तीं आपोआप कालक्रमानें लावतो. शेवटीं तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गांवीं. तीन भाऊ तीन गांवीं असणें हा एरवीं अक्कांच्या दुःखाचा विषय. येथें तेंच वहीचें रक्षण ठरलें.

एका गोष्टीचा आग्रह आम्हीं धरला, तो पाठपोट प्रतिमा घेण्याचा. पुरांत सुटलेल्या चित्रांच्या पाठी कोणीं पाहिल्याच नव्हत्या. अक्कांनीं तीं होतीं तशींच सुकवून जागच्या जागीं ठेविलीं होतीं. पांचव्या दिवशीं लक्ष्मीच्या एका रंगीत चित्राची पाठ कांचेवर आली, तेव्हां चित्रास चिकटलेली एक पावती दिसली. पनवेलच्या सराफाची, १९४३ सालची. दोन पाटल्या विकल्याची. त्याच महिन्याचें, समोरच्या पानावरचें कागदपत्र म्हणजे धाकट्या दिरांची पुण्याच्या वसतिगृहांतील फी भरल्याची चिठ्ठी. त्या दिरांचें शिक्षण सासऱ्यांनीं कर्ज काढून केलें, असें घरांत आजवर सर्वजण सांगत आले होते. सासूबाईंच्या हातांत पाटल्या कां नाहींत असें कोणीं विचारलें, तर त्या हात भरून आल्यावर सैल झाल्या व हरवल्या, असें सांगत. पावती त्यांनीं फाडली नाहीं, आणि दाखविलीहि नाहीं. लक्ष्मीच्या पाठीशीं लावून ठेविली.

अक्का बराच वेळ ती पावती हातीं घेऊन बसल्या. नंतर म्हणाल्या, "माझ्या लग्नांत त्यांनीं मला पाटल्याच घातल्या होत्या. मला वाटे, दुकान चांगलें चाललें असेल." त्या दिवसानंतर वही कोणाकडे राहावी, यावर घरांत कोणी बोललें नाहीं. मधल्या भाच्यानें पुण्याहून सांगून पाठविलें, कीं वही आईच्या खोलींतच राहावी, आणि ती जिकडे राहील तिकडे तीहि जावी.

मोडी पत्रांचें काम आमच्याकडे आलें. तिन्ही भाच्यांस मोडी येत नाहीं. त्यांच्या पोरांस तर ती लिपि आहे हेंहि ठाऊक नव्हतें. आम्हीं बाळबोध नक्कल करून प्रत्येक पत्रासमोर खिशांत ठेविली. मजकूर साधाच आहे: आंबे पाठविले, गाय व्याली, यंदा यावयास जमेल काय? पण जें वाचतां येत नाहीं तें जपलें जात नाहीं, हा आमचा अनुभव आहे. ज्यांच्या घरीं मोडी कागद आहेत त्यांनीं वाचणारें माणूस आहे तोंवर नक्कल करून घ्यावी. अक्कांच्या आवाजांत प्रत्येक पानाची हकीकतहि नातीनें ध्वनिमुद्रित करून त्या त्या प्रतिमेशीं जोडली. कुंकुमपत्रिकेवरील नांवें कोणाचीं, छायाचित्रांतली डावीकडची मुलगी कोण, हें सांगणारें घरांत आतां एकच माणूस उरलें आहे.

जुनी वही अशी मार्गीं लागल्यावर पोरांनीं नवी सुरू केली, ती कळंबोलीची. तींतल्या कांहीं युक्ति वाचकांच्या मुलांसहि करून पाहतां येतील. लोखंडबाजारांत पायऱ्यांसाठीं नक्षीचा जाड पत्रा विकतात. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली कीं त्याची नक्षी कागदावर उतरते. वजनकांट्याची एक चिठ्ठी, रस्त्याच्या टोलाची पावती आणि कळंबोली स्थानकाचें तिकीट त्याच पानावर खिसे करून ठेविलीं. दुसऱ्या पानासाठीं ‘अब्री’चा कागद केला. विजापूरच्या आदिलशाहींत सतराव्या शतकांत ही कला भरभराटीस आली होती. मेथीच्या दाण्यांचें चिकट पाणी परातींत घेऊन त्यावर पातळ केलेले रंग शिंपडावे, काडीनें हलकेच फिरवावे, आणि वर कागद टेंकवून उचलावा. ढगांसारखी नक्षी उठते आणि दोन कागदांची कधींहि सारखी उठत नाहीं. पोरांनीं निळा व मातकट रंग घेतला आणि त्या कागदावर २००५ च्या पुराच्या दिवसाचें पान रचलें. तसविरीला मोठी चौकट नको, चौफेर कोरी जागा सोडावी, एका पानावर एकच विषय घ्यावा, आणि खालीं कोण, कोठें, केव्हां हें स्वहस्तें लिहावें, एवढे नियम आम्हीं घालून दिले. सजावटीनें पान भरलें आणि नांव लिहिलें नाहीं, तर पुढच्या पिढीस तें केवळ शोभेचें कागद वाटेल.

संगणकावरचें पान सर्वांत विलक्षण उतरलें. गांवठाणांतील एका वृद्ध आगरी गृहस्थांनीं आठवणीनें काढून दिलेला जुन्या शेतांचा, बांधांचा व उघाडीचा नकाशा नातीनें कांचेवर घेतला आणि उपग्रहावरून घेतलेल्या आजच्या चित्रावर तो पातळ करून पसरला. संगणकावर असे थर एकावर एक ठेवून हवा तो पुसट करतां येतो. नकाशाचें मोजमाप अर्थातच कांटेकोर नव्हतें. पण त्या गृहस्थांनीं पडद्यावर बोट ठेवून आपलें शेत दाखविलें, तेथें आज मालमोटारींचा तळ आहे. "हा आमचा वरचा तुकडा," असें ते नातीस म्हणाले, जणूं कांहीं पुढच्या आषाढांत तेथें आवणी व्हावयाची आहे. त्यांनीं त्या पानाची छापील प्रत मागून घेतली. ती पाण्यास न घाबरणाऱ्या रंगद्रव्याच्या शाईनें छापून दिली, कारण त्यांचें घरहि तळमजल्यावरच आहे.

निवाडा म्हणून लिहून ठेविलें तें येणेंप्रमाणें: मूळ वही अक्कांपाशीं, उंच फळीवर, लाल फडक्यांत. तिघां भावांस संगणकांतील एकेक पूर्ण प्रत व हातकागदावर छापलेलें एकेक पुस्तक. त्यांत लक्ष्मीच्या चित्राचें पान पाठपोट. दर वर्षीं दिवाळींत जो घरीं असेल त्यानें वही उलगडून वारा द्यावा, वेखंड बदलावें, आणि संगणकांतील प्रती उघडतात कीं नाहीं तें पाहावें. घर बांधून होईपर्यंत वहीची फळी थोरल्याच्या माडीवरील भाड्याच्या जागेंत आहे.

पाहण्यासारखें स्थळ म्हणून कळंबोलीची शिफारस आम्ही कोणास करणार नाहीं. परंतु आपल्या प्रत्येकाच्या घरीं माळ्यावर, पलंगाखालीं किंवा फडताळाच्या तळाशीं अशी एखादी वही, बाड किंवा नुसतें पुडकें असेल. पावसाळा येण्यापूर्वीं तें खालीं उतरवावें, टांचण्या काढाव्या, चित्रांच्या पाठी पाहाव्या, आणि घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ बसून नांवें लिहून घ्यावीं. लिहून घेण्याचें काम आजच करावें. चिकटविण्याचें उद्यां केलें तरी चालेल.